भिंत वाचली ती कामाला होती म्हणून

लंडनच्या 'सिटी' भागात, बँका आणि विमा कंपन्यांच्या काचेच्या उंच इमारतींमध्ये, सेंट आल्फेज गार्डन नावाची लहानशी बाग आहे. ही जागा पूर्वी एका चर्चचं आवार होती. इथे शेकडो वर्षं माणसं पुरली गेली, आणि बागेच्या कडेला आज जी जुनी भिंत दिसते ती त्या दफनभूमीची उत्तरेकडची कुंपणभिंत होती. तिच्या पायथ्याचे दगड इसवी सन 120 च्या सुमारास रोमन सैन्याने बांधलेल्या ठाण्याचे आहेत. पुढे 200 च्या आसपास संपूर्ण शहराभोवती तट उभा राहिला तेव्हा ठाण्याच्या त्या भिंतीला आतून जोड देऊन ती जाड केली गेली. त्यावर मध्ययुगातलं ओबडधोबड दगडकाम आहे. आणि सगळ्यात वर 1477 साली चढवलेल्या विटांच्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दात, आहेत, काळसर विटांची तिरकी नक्षी अजून ओळखू येईल अशा.

इंग्लंडभर अशा भिंती आहेत. कुठे चर्चच्या कुंपणात मोडलेल्या मठाचे घडीव चिरे बसलेले असतात, कुठे जुन्या तटाचा तुकडा असतो, कुठे एखाद्या नाहीशा झालेल्या कमानीचा खांब आडवा घातलेला असतो. या भिंतींचं काय करायचं, त्या कोणी आणि कशा सांभाळायच्या, हा तिथला जुना सार्वजनिक प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की या भिंती टिकल्या त्या कामाला लागलेल्या होत्या म्हणून, आणि पुढेही त्या कामाला असतील तरच टिकतील. म्हणून त्यांच्यातला कुठलाही एक थर 'खरा' मानून बाकीचे सोलून काढणं चूक आहे. आणि ही भिंत सगळ्यांचा ठेवा आहे असं कायद्याने जाहीर करून डागडुजीचा खर्च मात्र चर्चमध्ये येणाऱ्या मूठभर वृद्ध भाविकांवर सोडून देणं ही त्याहून मोठी चूक आहे.

लंडनचा तट नाहीसा कसा झाला हे आधी पाहिलं पाहिजे, म्हणजे जे उरलं ते का उरलं हे कळतं. रोमन तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा होता. पायाशी जाडी अडीच ते तीन मीटर, उंची सहा मीटरच्या घरात. लंडनजवळ चांगला दगड नाही, म्हणून केंटमधल्या मेडस्टन परिसरातल्या खाणींतून 'रॅगस्टोन' नावाचा टणक चुनखडीचा दगड मेडवे आणि थेम्स नद्यांमधून होड्यांनी आणला गेला. या कामाला सुमारे 85,000 टन दगड लागला असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मधूनमधून तांबड्या चपट्या विटांचे पट्टे घातले, कारण आतला भराव आणि बाहेरचा चिरा त्यांनी एकमेकांना धरून राहतो. मध्ययुगात शहराने हाच तट वापरला, उंचावला, पडला तिथे पुन्हा बांधला. 1477 मध्ये, इंग्लंडच्या राजघराण्यांतली यादवी अजून पुरती शमलेली नसताना, लॉर्ड मेयर राल्फ जोसेलिन यांनी तटाबाहेरच्या मूरफिल्ड्समधली माती खणून तिथेच विटा भाजायला लावल्या आणि तटावर नव्या चर्या चढवल्या.

मग तोफांचं युग आलं, शहर तटाबाहेर पसरलं, आणि अठराव्या शतकात वेशी रहदारीला अडचणीच्या वाटू लागल्या. 1760-61 मध्ये लडगेट, ऑल्डगेट, क्रिपलगेट अशा वेशी पाडून त्यांचं सामान विकण्यात आलं. उरलेला तट घरमालकांनी, कंत्राटदारांनी हळूहळू खाल्ला. 1882 मध्ये टॉवर हिलजवळ भूमिगत रेल्वेसाठी तटाचा मोठा तुकडा पाडला गेला. त्याच 1882 मध्ये ब्रिटनने प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा आपला पहिला कायदा केला. पण त्या कायद्याच्या यादीत बहुतेक प्रागैतिहासिक शिलावर्तुळं आणि थडगी होती, भर शहरातल्या तटाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

जिथे तट दुसऱ्या कशाची तरी भिंत झाला होता तिथे तो उरला. कुठल्या गोदामाची मागची भिंत म्हणून, कुठे तळघराची भिंत म्हणून, आणि फार मोठ्या प्रमाणात चर्चच्या आवाराची भिंत म्हणून. सेंट जाइल्स क्रिपलगेट हे चर्च तटाच्या बाहेर, पण त्याचं आवार तटाला जाऊन भिडलेलं. याच चर्चमध्ये 1620 साली ऑलिव्हर क्रॉमवेलचं लग्न झालं आणि 1674 मध्ये कवी जॉन मिल्टनला पुरलं. या आवाराच्या कोपऱ्यात तेराव्या शतकातला एक गोल बुरुज थडग्यांच्या सोबतीने उभा राहिला आणि वाचला. तिथून पूर्वेला ऑल हॅलोज हे चर्च तर नावातच 'ऑन द वॉल' म्हणवतं. 1765 ते 67 या काळात तरुण वास्तुकार जॉर्ज डान्स धाकटे यांनी ते नव्याने बांधलं, तेव्हा पाद्र्यांच्या तयारीची अर्धवर्तुळाकार खोली त्यांनी चक्क रोमन बुरुजाच्या पायावर उभी केली. शेजारच्या आवारात रोमन पाया आणि त्यावरचं मध्ययुगीन बांधकाम आजही कुंपणाचं काम करत उभं आहे.

यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पटकीच्या साथींनंतर 1852 च्या कायद्याने लंडनच्या दाटीतल्या दफनभूम्या नव्या प्रेतांसाठी बंद करण्याची वाट मोकळी झाली. बंद झालेली, सोन्याच्या भावाची ही जमीन बिल्डरांच्या घशात जायला वेळ लागला नसता. पण 1884 च्या दुसऱ्या एका कायद्याने वापरात नसलेल्या दफनभूमीवर इमारत बांधायला बंदी घातली. सेंट आल्फेजचं आवार त्याआधीच, 1872 मध्ये, लोकांसाठी बाग म्हणून खुलं झालं होतं. आवार राहिलं म्हणून त्याची कड राहिली. पुरातत्त्वाची आस्था जागी व्हायच्या आधी मृतांविषयीचा आदर आणि मोकळ्या हवेची गरज या दोन साध्या गोष्टींनी ही भिंत राखली.

म्हणूनच 'मूळ' भिंत दाखवण्यासाठी नंतरचे थर उतरवायचे, या विचाराला माझा विरोध आहे. हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेकडो चर्चवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली हा प्रयोग झाला. वास्तुकाराने मनाशी एक शतक 'शुद्ध' ठरवायचं आणि त्याआधीचं-नंतरचं सगळं खरवडून, पाडून, त्या शतकाच्या नमुन्याचं नवं बांधायचं. त्याविरुद्ध 1877 मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्यांचा आग्रह साधा होता: रोजची निगा राखा, पडझड थोपवा, आणि नवा दगड बसवलाच तर तो जुना असल्याचा आव आणू नका. दीडशे वर्षं होत आली तरी यापेक्षा शहाणपणाचा सल्ला या क्षेत्रात कोणी दिलेला नाही.

रोमन तटाच्या चाहत्यांना मध्ययुगीन दगडकाम आड येणारं वाटतं, मध्ययुगाच्या चाहत्यांना विटा उपऱ्या वाटतात. पण या भिंतीत शुद्ध असं काही कधी नव्हतंच. टॉवर हिलजवळच्या तटाला उत्तररोमन काळात बुरुज जोडताना जवळच्या स्मशानातल्या थडग्यांचे दगड भरावाला वापरले होते. 1852 मध्ये तिथे एका भव्य थडग्याचे तुकडे सापडले, 1935 मध्ये त्याच थडग्याचा आणखी एक. ते जोडल्यावर कळलं की हे थडगं क्लासिशियानस या रोमन महसूल अधिकाऱ्याचं, त्याची पत्नी जुलिया पकाटा हिने उभारलेलं. इसवी सन 60-61 मध्ये राणी बुडिकाच्या उठावात लंडन बेचिराख झालं, त्यानंतर ब्रिटनचा कारभार सावरायला पाठवलेला हा माणूस. आज हे थडगं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते भराव म्हणून बुरुजात गाडलं गेलं नसतं तर त्याचा चुना करून कोणीतरी ते कधीच संपवलं असतं.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. जुना दगड पुन्हा वापरला गेला तो दर वेळी काटकसरीने किंवा सहज नाही, कित्येकदा लूट करून. 1215 मध्ये राजा जॉनविरुद्ध उठलेल्या सरदारांनी लंडन ताब्यात घेतलं तेव्हा ज्यूंची घरं फोडून त्यांच्या दगडांनी तट आणि वेशी दुरुस्त केल्या. 1586 मध्ये लडगेटची वेस नव्याने बांधण्यासाठी पाडली तेव्हा आत हिब्रू अक्षरं कोरलेला दगड निघाला, कोणा रब्बीच्या घराचा. ती माणसं तर 1290 मध्ये राजाज्ञेने देशाबाहेर घालवली गेली होती. आठव्या हेन्रीने 1536 नंतर मठ बरखास्त केले, छपरांवरचं शिसं काढून विकलं, आणि त्यांचे घडीव चिरे गावोगावच्या भिंतींत गेले. रेडिंगच्या मठाचे बाहेरचे चिरे इतके निपटून नेले की आज तिथे आतल्या गारगोटीच्या भरावाचे सुळके तेवढे उरले आहेत. अशा भिंतीचं कौतुक करणं म्हणजे लुटीचं कौतुक करणं नाही का?

मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण भावनिक नाही. लडगेटमधला तो दगड हा लंडनच्या ज्यूंवर झालेल्या अन्यायाचा पुरावा होता. तो भिंतीत होता म्हणून साडेतीनशे वर्षं टिकला. लिहून ठेवणाऱ्यांनी पक्षपात केला तरी भिंतीने केला नाही. उद्या कोणी म्हटलं की प्रत्येक चिरा ज्याचा त्याला परत करा, तर भिंत जाईलच, पण ती लूट झाली होती हे सांगणारा साक्षीदारही जाईल. आजच्या कोणाच्याही हक्कात त्याने भर पडणार नाही. जे घडलं ते फलकावर स्पष्ट शब्दांत लिहावं, मुलांना तिथे नेऊन शिकवावं. दगड मात्र हलवू नये.

आपल्याला याचं उदाहरण शोधायला दूर जावं लागत नाही. जुन्या गोव्यात सेंट कायतान चर्चच्या पुढच्या आवारात एक दगडी दरवाजा एकटाच उभा आहे. तो विजापूरच्या आदिलशहाच्या वाड्याचा. त्याच्या खांबांवरची घडण हिंदू मंदिरांच्या पाथरवटांच्या हातची वाटते. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, पुढे त्याच वाड्यात त्यांचे व्हाइसरॉय राहिले, मग वाडाही पडला आणि उरला तो हा दरवाजा, चर्चच्या अंगणात. तो कोणाचा हा प्रश्न विचारला तर उत्तरं तीन मिळतील आणि तिन्ही खरी असतील. तिन्ही उत्तरं एका जागी दिसतात म्हणून तो दरवाजा मोलाचा आहे.

आता निगा कशी राखायची याकडे वळू. इथे सदिच्छेपेक्षा गवंड्याचं ज्ञान जास्त उपयोगी पडतं. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचा सांधा दगडापेक्षा आणि विटेपेक्षा मऊ असतो, आणि तो ओलावा सोडतो. भिंतीत पावसाचं पाणी शिरतंच, जमिनीतून ओल चढतेच. ते पाणी सांध्यावाटे बाहेर पडतं, त्यात जे झिजायचं ते सांधा झिजतो, दगड शाबूत राहतो. काही दशकांनी सांधे खरवडून पुन्हा चुना भरायचा, एवढंच काम. 1824 मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि विसाव्या शतकात गावोगावच्या मंडळींनी मोठ्या हौसेने, चांगल्या हेतूने, जुन्या भिंतींचे सांधे सिमेंटने भरले. सिमेंटचा सांधा जुन्या विटेपेक्षा कठीण, पाणी अडवून धरणारा. मग पाणी विटेतून वाट काढतं, हिवाळ्यात गोठतं, फुगतं, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा निखळतो. काही वर्षांनी विटा आतून पोखरल्या जातात आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली दिसते. पाचशे वर्षं टिकलेली वीट पन्नास वर्षांत संपते. आपल्याकडे गडकोटांच्या डागडुजीत हेच झालेलं अनेकांनी पाहिलं आहे, चुन्याची घाणी शेजारी पडलेली असताना तटाला सिमेंट थापलेलं.

चुन्याचं काम करणारा गवंडी महाग असतो, त्याला वेळ लागतो, थंडीत काम थांबवावं लागतं. म्हणजे शेवटी गाडी पैशावर येते. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे 16,000 चर्च आहेत, त्यांतली 12,000 हून अधिक संरक्षित यादीत आहेत. त्यांच्या देखभालीसाठी सरकारकडून नियमित अनुदान मिळत नाही. बहुतेक ठिकाणी भार उचलते ती स्थानिक चर्चची समिती, आणि खेड्यांत ती कधीकधी दहा-पंधरा माणसांची असते. भिंत संरक्षित स्मारक असेल तर एक दगड काढून बसवायला सरकारी संमती लागते, शिवाय चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाची वेगळी परवानगी लागते. या दोन्ही परवानग्या असाव्यातच. पण परवानगी मागायला लावणारी व्यवस्था पैशाच्या वेळी कुठेच नसते.

त्यातही करांची गोष्ट मला समर्थन करता न येण्यासारखी वाटते. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर त्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य टक्के आहे. जुनी भिंत दुरुस्त केली तर 20 टक्के. म्हणजे राज्याचा खजिना जुनं राखणाऱ्याकडून वसुली करतो आणि नवं बांधणाऱ्याला मोकळा सोडतो. संरक्षित प्रार्थनास्थळांना हा कर परत देणारी योजना 2001 पासून होती. तिच्यात 2025 मध्ये वर्षाला एका ठिकाणी कमाल 25,000 पौंड आणि एकूण 2 कोटी 30 लाख पौंड अशी मर्यादा घातली गेली. मोठं छप्पर किंवा मनोरा दुरुस्तीला काढलेल्या चर्चला ही मर्यादा जाचक ठरली, आणि छपरालाच पैसा पुरत नाही तिथे कुंपणाच्या भिंतीचा नंबर कधी लागणार? परताव्याच्या योजना आखण्यापेक्षा संरक्षित बांधकामांच्या दुरुस्तीवरचा कर सरळ काढून टाकावा, हे जास्त प्रामाणिक आहे.

दुसरी गोष्ट बंद दफनभूमींची. 1972 च्या स्थानिक स्वराज्य कायद्यात 215 वं कलम आहे. त्यानुसार चर्चची समिती बंद झालेल्या आवाराची देखभाल नोटीस देऊन गावच्या परिषदेकडे सोपवू शकते, भिंतींसकट. परिषदेला तीन महिन्यांच्या आत ती जबाबदारी वरच्या जिल्हा परिषदेकडे ढकलता येते. तरतूद चांगली आहे, पण ती मागणाऱ्यालाच मिळते, आणि नोटीस द्यायची म्हणजे शेजाऱ्यांशीच वाद ओढवून घ्यायचा, म्हणून छोट्या समित्या गप्प बसतात. दरम्यान भिंत बाहेर फुगत जाते, आणि एखाद्या ओल्या हिवाळ्यानंतर रस्त्यावर कोसळते. आवार बंद झाल्याची नोंद होताच भिंतीची जबाबदारी आपोआप स्थानिक संस्थेकडे जावी, आणि त्यासोबत दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी बंधनकारक असावी. चर्चच्या इमारतींची अशी पंचवार्षिक तपासणी होतेच, तीच शिस्त आवाराच्या भिंतीला लावायला कोणाची हरकत असू नये.

शाळा आणि रुग्णालयं पैशाविना अडलेली असताना भिंतीवर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांचा मला राग नाही. पण हा खर्च टाळल्याने पैसा वाचत नाही. सांधे वेळेवर भरणं हे किरकोळ काम असतं, कोसळलेली भिंत पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली दगड-दगड मोजून उभारणं हे फार मोठं. शिवाय सिटीसारख्या ठिकाणी या भिंतीतून कमाई होते आहे. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात क्रिपलगेटचा परिसर जळून गेला, तेव्हा शेजारच्या इमारतींच्या आड दडलेला तट पुन्हा उघडा पडला. युद्धानंतर डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तिथे उत्खनन केलं, त्यातूनच रोमन ठाण्याचा शोध लागला. अलीकडे सेंट आल्फेजच्या भिंतीलगत 'लंडन वॉल प्लेस' हा कार्यालयांचा नवा प्रकल्प झाला. त्यात ही भिंत, आणि चौदाव्या शतकात विल्यम एल्सिंग यांनी अंधांसाठी काढलेल्या रुग्णालयाच्या चर्चचे अवशेष, यांच्याभोवती बागा आणि पादचारी पूल आखले गेले. पूर्वेला व्हाइन स्ट्रीटवर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात तटाचा एक तुकडा आणि बुरुजाचा पाया 2023 पासून लोकांना विनामूल्य पाहता येतो.

ही दोन्ही कामं मला मनापासून आवडतात, कारण इथे भिंत पुन्हा कामाला लागली: दुपारी डबा खायला बसणाऱ्यांना आडोसा, विद्यार्थ्यांच्या घराचं तळघर. पण उद्घाटनाच्या दिवशी दिसणाऱ्या सौंदर्यावर समाधान मानू नये. ज्या इमारतीचं भाडं अशा भिंतीच्या शेजारामुळे वाढतं, तिच्या बांधकाम परवान्यातच भिंतीच्या कायमच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून ठेवण्याची अट असली पाहिजे. ती रक्कम मालक बदलला तरी भिंतीच्याच नावे राहावी. आणि तिच्यातला ठरावीक वाटा दूरच्या खेड्यांतल्या त्या चर्चना मिळावा, ज्यांच्या कुंपणात तसलेच मध्ययुगीन चिरे आहेत पण शेजारी भाडं देणारं कोणी नाही.